'मीट' या शब्दाचे वकील

वादात आपली बाजू लंगडी पडू लागली म्हणजे शब्दकोश उघडावा, प्रतिपक्षाच्या तोंडचा एखादा शब्द चिमटीत धरावा आणि 'याचा मूळ अर्थ तरी आपणांस ठाऊक आहे काय?' असे विचारून त्यास गप्प बसवावे, ही युक्ती सुशिक्षित मंडळींत फार लोकप्रिय आहे. तिच्यात श्रम थोडे आणि विद्वत्तेचा लौकिक मोठा. ज्या शब्दांवर हा प्रयोग वारंवार होतो त्यांत इंग्रजी भाषेतील 'मीट' हा एक आहे. आज सारे जग त्याचा अर्थ मांस असा करते. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ केवळ अन्न असा होता. एवढ्या एका गोष्टीच्या आधारावर तीन निरनिराळे वकील तीन निरनिराळ्या अशिलांची बाजू मांडीत असतात.

पहिला वकील शाकाहाराचा. त्याचे म्हणणे असे की, इंग्रजी बायबलात जेथे जेथे 'मीट' हा शब्द आला आहे तेथे तेथे त्याचा अर्थ अन्न. सबब येशू ख्रिस्त व त्याचे शिष्य मांस खात नसत. दुसरा वकील मांसाहाराचा. त्यास जुना अर्थ ठाऊकच नसतो. तो ग्रंथ आजच्या अर्थाने वाचतो आणि प्रत्यक्ष परमेश्वराने मनुष्यास मांस नेमून दिले असे बेधडक सांगतो. तिसरा अगदी अलीकडे उदयास आला आहे. तो वाटाणा व सोयाबीन यांपासून केलेला पदार्थ 'मीट' या नावाने विकतो, आणि कोणी हरकत घेतली की हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीकडे बोट दाखवितो. आमचे म्हणणे असे की, या तिघांपैकी एकाचाही दावा टिकण्यासारखा नाही. आणि मौज ही की, पहिल्याने व तिसऱ्याने पुरविलेली शब्दाची माहिती बहुतांशी खरी आहे. माहिती खरी आणि निष्कर्ष खोटा, हा प्रकार निव्वळ अज्ञानाहून अधिक घातक असल्यामुळे त्याचा समाचार थोडा विस्ताराने घेणे प्राप्त आहे.

प्रथम माहिती. प्राचीन इंग्रजीत हा शब्द 'मेटे' असा होता व त्याचा अर्थ अन्न, खाद्य. गॉथिक भाषेतील 'मात्स' हा त्याचाच सख्खा भाऊ. स्वीडिश भाषेतील 'मात' आणि आइसलँडमधील 'मातुर' हे शब्द आजही तेथे जेवणखाण याच अर्थी चालतात. स्टॉकहोममधील गृहिणी 'मात' तयार आहे असे म्हणाली तर ताटात बटाटेही असू शकतील. मांस म्हणावयाचे असले म्हणजे जुना इंग्रज 'फ्लेश' म्हणे, जसा जर्मन मनुष्य आजही 'फ्लाइश' म्हणतो. 'मीट' हा शब्द मांसाकडे झुकू लागला तो चौदाव्या शतकाच्या सुमारास, आणि तोही एकदम नव्हे. पुढे कित्येक शतके दोन्ही अर्थ एकाच घरात नांदत होते. गुराढोरांच्या हिरव्या चाऱ्यास 'ग्रीन मीट' म्हणत. अंड्याच्या कवचाच्या आतला खाण्याजोगा भाग शेक्सपिअरच्या लेखी 'मीट'च होता. अमेरिकेत अक्रोडाच्या गरास अद्याप तसे म्हणतात. चार्ल्स लँबचा जेवणापूर्वीच्या प्रार्थनेवरील निबंध आपल्याकडील इंग्रजी साहित्याच्या वाचकांस परिचित आहे. त्याच्या मथळ्यातील 'मीट' म्हणजे भोजन. सोबती या अर्थाचा 'मेट' हा शब्द याच कुळातला, शेजारच्या जर्मन बोलीतून आलेला. एका पंक्तीस जेवतो तो सोबती, असा त्याचा मूळ भाव. जहाजावरच्या 'मेट'ची अधिकारपदवी ऐकताना ही पंगत कोणाच्या ध्यानात येत नाही, आणि येण्याचे कारणही नाही.

आता पहिल्या दोन वकिलांचा खटला. इंग्लंडात १६११ साली जे अधिकृत भाषांतर प्रसिद्ध झाले त्याच्या आरंभीच, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, बीज देणाऱ्या वनस्पती व झाडांची फळे मनुष्यास 'मीट' म्हणून दिली असे सांगितले आहे. पशुपक्ष्यांस हिरवा पाला, आणि तोही 'मीट' म्हणूनच. येथे मांसाचा अर्थ लावणाऱ्याने गवतात मांस शोधावे. लेवीयाच्या दुसऱ्या अध्यायातील 'मीट'चे अर्पण तर याहून बोलके आहे. त्याचे साहित्य सपीठ, तेल आणि धूप; त्यात मांसाचा तुकडा औषधालाही नाही. मूळ हिब्रू शब्द 'मिन्हा', म्हणजे भेट, नजराणा. इंग्रजांनाच पुढे या शब्दाची अडचण वाटू लागली, आणि १८८५ च्या सुधारलेल्या भाषांतरात त्यांनी तेथे पिठाचे अर्पण असा अर्थ देणारा शब्द घातला. आपल्या मराठी बायबलात 'अन्नार्पण' असा शब्द आहे. तो १६११ च्या इंग्रजीहून आजच्या वाचकास कितीतरी सरळ आहे. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलाचे मराठी भाषांतर केले, ते इंग्रजी ग्रंथ हाताशी नव्हते म्हणून नव्हे. मध्यस्थ भाषेचा शब्द बदलला की अर्थही बदलतो, ही गोष्ट त्या जाणून होत्या. आमच्या वकिलांस ती अजून जाणावयाची आहे.

येथवर शाकाहाराचा कैवारी प्रसन्न झाला असेल. त्याने त्याच उत्पत्तीचा नववा अध्याय उघडावा. जलप्रलय ओसरल्यावर नोहास जी आज्ञा झाली तीत हालचाल करणारे सर्व प्राणी मनुष्याचे 'मीट' ठरविले आहेत. पूर्वी जशा वनस्पती दिल्या तसेच हे, असेही तेथे म्हटले आहे. शब्द तोच, भाषांतरकार तेच, आणि ताटातला पदार्थ नेमका उलट. मत्तयाच्या शुभवर्तमानात योहानाचे 'मीट' टोळ आणि रानमध. लूकच्या चोविसाव्या अध्यायात पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांजवळ 'मीट' मागतो. ग्रीक शब्दाचा अर्थ 'काही खाण्याजोगे' एवढाच आहे, हे वकिलाचे म्हणणे सोळा आणे खरे. परंतु पुढच्याच वाक्यात शिष्य त्याच्यापुढे भाजलेला मासा ठेवतात आणि तो सर्वांदेखत खातो, हे सांगावयास तो विसरतो. शब्दाचा अर्थ अन्न असा सिद्ध केल्याने ते अन्न कोणते हे सिद्ध होत नाही. झाकलेल्या पातेल्यास पातेले म्हटले, एवढ्याने आत आमटी आहे की रस्सा हे कळत नाही. त्यासाठी झाकण काढावे लागते.

दानिएलाची कथा या पक्षास विशेष प्रिय आहे. बाबेलच्या राजाने नेमून दिलेले 'मीट' व द्राक्षारस त्याने नाकारला, दहा दिवस शाकभाजी व पाणी मागून घेतले, आणि अखेरीस तो इतरांहून अधिक धष्टपुष्ट दिसला. कथा सुंदर आहे. परंतु दानिएलाने जे नाकारले ते राजाच्या मुदपाकखान्यातून येणारे सर्वच अन्न होते, आणि नाकारण्याचे कारण तेथेच दिले आहे: त्याला आपणांस विटाळ होऊ द्यावयाचा नव्हता. आपल्या जुन्या शब्दांत सांगावयाचे तर हा परान्नाचा प्रश्न होता; प्राणिदयेचा नव्हे. ज्यांच्या घरी चार पिढ्यांपूर्वी सोवळे होते त्या वाचकांस हे समजावून सांगण्याची आवश्यकता नसावी. शिवाय त्याच ग्रंथाच्या दहाव्या अध्यायात, शोकाच्या तीन आठवड्यांत आपण मांस तोंडात घातले नाही, असे दानिएल स्वतः सांगतो. जो मनुष्य तीन आठवडे मांस सोडल्याचे मुद्दाम नमूद करतो, तो एरवी ते वर्ज्य मानीत असेल असे दिसत नाही. आणि येथे इंग्रजी भाषांतरकारांनी कोणता शब्द वापरला आहे? 'मीट' नव्हे, 'फ्लेश'.

हे दोन शब्द त्यांच्या मनात किती निराळे होते याचा निर्णायक पुरावा करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी आहे. अन्नामुळे जर आपला बंधू अडखळत असेल तर आपण यापुढे मांस कधीही खाणार नाही, असे पौल म्हणतो. त्या एकाच वाक्यात पहिल्या जागी 'मीट' आणि दुसऱ्या जागी 'फ्लेश' आहे, कारण ग्रीकमध्येही तेथे दोन भिन्न शब्द आहेत. हे एक वाक्य नीट वाचले असते तर दोन्ही बाजूंची बरीच शाई वाचली असती. आरंभीच्या ख्रिस्ती समाजात केवळ शाकभाजी खाणारे लोक होते काय? होते, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात त्यांचा स्पष्ट उल्लेख आहे, जरी तो गौरवपर नाही. शाकाहाराच्या इतिहासकारास असा खरा पुरावा उपलब्ध असता त्याने 'मीट'च्या व्युत्पत्तीचा फुटका मडका का वाजवावा, हे आम्हांस उमगत नाही. शाकाहाराचे समर्थन दयेवर, आरोग्यावर, अर्थशास्त्रावर करता येते. एका जर्मनवंशीय नामाच्या अर्थावर ते उभारणे म्हणजे आपल्याच पक्षाचा अपमान करणे होय.

आपल्या देशात हा जुना अर्थ आला तो 'स्वीटमीट' या शब्दाच्या पोटात बसून. इंग्लंडात साखरेत मुरविलेल्या फळांस, खडीसाखरेच्या गोळ्यांस हे नाव होते. साहेब येथे आला, त्याने पेढा, बर्फी, जिलबी पाहिली आणि सर्वांवर एकच चिठ्ठी डकविली. मोल्सवर्थने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश प्रसिद्ध केला आणि १८५७ साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. त्या कोशात आपल्या मिठाईच्या नाना प्रकारांपुढे हा शब्द भेटतो. पुढे तोच दुकानांच्या पाट्यांवर चढला. ज्या दुकानात अंडेसुद्धा येत नाही, त्याच्या पाटीवर 'स्वीटमीट मार्ट' अशी अक्षरे पाहून इंग्रजी शाळेतल्या मुलांनी 'गोड मांस' म्हणून हसावे, हे आपल्या शहरांत नित्याचे. मुलांचे हसणे क्षम्य आहे. परंतु पाटीवरचा हा शब्द इंग्रजी न येणाऱ्या हलवायाची चूक होय असे जे विद्वान समजतात, त्यांस एवढेच सांगावे की, हलवाई बरोबर आहे आणि आपण चुकत आहात. 'स्वीटमीट' हा शब्द प्राचीन इंग्रजीपासून चालत आलेला शुद्ध इंग्रजी शब्द आहे.

येथे आणखी एका संकटाचा बंदोबस्त करून ठेवणे इष्ट. 'मिष्ट' आणि 'मीट' या दोन शब्दांचे नाते जोडण्याचा मोह कोणास तरी अनावर होईल, आणि 'स्वीटमीट' म्हणजे 'स्वादुमिष्ट' असा शोध वाचकांपुढे येईल. यातील अर्धा भाग खरा आहे, हीच पंचाईत. 'स्वीट' आणि 'स्वादु' हे खरोखर एका मुळाचे आहेत. संस्कृतातील दकाराच्या जागी इंग्रजीत टकार येतो, तो 'दश' व 'टेन', 'द्वि' व 'टू', 'पद' व 'फुट' या जोड्यांत नियमाने दिसतो. नियमाने दिसतो म्हणूनच नाते मान्य. 'मिष्ट' शब्दास असा कोणताही नियम साह्य करीत नाही. तो 'मृष्ट' शब्दाचेच मवाळ झालेले रूप असावा असे कोशकार मानतात. आणि गॉथिकपासून आइसलँडिकपर्यंत 'मीट'च्या एकाही भावंडाच्या मूळ अंगात, विभक्तीचा प्रत्यय सोडला तर, सकाराचा मागमूस नाही. नुसत्या ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळवावयाची तर जगात कोणीच अविवाहित राहणार नाही.

बरे, 'मीट' म्हणजे अन्न हे सूत्र पाठ करून कोणी शाकाहारी गृहस्थ इंग्रजी मेजवानीस निघाला, तर तो सुखरूप परत येईल काय? नाताळात 'मिन्समीट' नावाचे सारण घातलेल्या लहान करंज्यांसारख्या पाय इंग्रजांच्या घरी होतात. सारणात मनुका, बेदाणे, सफरचंद, लिंबाची साल, मसाला. वर सूत्राचा आधार. गृहस्थ निःशंक मनाने हात घालील. परंतु या शब्दातले 'मीट' खरोखरीच मांस होते. जर्व्हेस मार्कहॅमने १६१५ साली इंग्रज गृहिणींसाठी जे पुस्तक लिहिले त्यात या पायसाठी मेंढीची तंगडी घेऊन उकडण्यास सांगितले आहे आणि मनुका-खजुरांबरोबर मेंढीची चरबी भरपूर घालण्यास सांगितले आहे. मिसेस बीटनच्या १८६१ च्या प्रसिद्ध ग्रंथात 'मिन्समीट'ची एक कृती गोमांसासह आहे आणि दुसरी मांसाविना. परंतु त्या दुसरीतही चरबी आहेच. आणि ही चरबी म्हणजे बैलाच्या वा मेंढ्याच्या मूत्रपिंडाभोवतालची. मांस गेले, चरबी राहिली, नाव तसेच राहिले. अलीकडे वनस्पतिजन्य चरबी घातलेले 'मिन्समीट'ही मिळते. म्हणजे एकाच नावाखाली तीन आचारधर्म नांदत आहेत. उलट 'स्वीटब्रेड' हे नाव ऐकून जो गोड पाव मागवील, त्याच्यापुढे वासराच्या वा कोकराच्या शरीरातील ग्रंथी शिजवून येतील. 'पुडिंग' हे आज साखर-दुधाचे वाटणारे नाव मुळात आतड्यात भरलेल्या सारणाचे होते, आणि 'ब्लॅक पुडिंग'मध्ये आजही रक्त असते. व्युत्पत्तीच्या पुस्तकावर विसंबून जेवणाऱ्याचे व्रत इंग्लंडात एक दिवसही टिकणार नाही.

'व्हाइट मीट' या जोडशब्दाची कथा तर वकिलांनी दिवाणखान्यात टांगून ठेवावी अशी आहे. विल्यम हॅरिसनने १५७७ साली इंग्लंडचे जे वर्णन प्रसिद्ध केले त्यात 'व्हाइट मीट' म्हणजे दूध, लोणी आणि चीज. पूर्वी साऱ्या बेटाचा ज्यावर निर्वाह चाले ते हे अन्न आता हलक्या लोकांचे मानले जाऊ लागले आहे, अशी त्याची तक्रार आहे. आज मुंबईपुण्याच्या कोणत्याही उपाहारगृहात हे दोन शब्द उच्चारले तर कोंबडी येते. शब्द दोन्ही तेच, रंगही तोच. मधल्या साडेचारशे वर्षांत गोठ्यातून खुराड्यात गेले. आता यांतला 'खरा' अर्थ कोणता? हॅरिसनच्या पुस्तकात दुधाचा अर्थ खरा, उपाहारगृहात कोंबडीचा खरा. ज्यास हे उत्तर पुरेसे वाटत नाही त्याची अडचण भाषेची नसून हट्टाची आहे.

मीट मांसाकडे का झुकले, याविषयी आमचे मत असे. श्रीमंताच्या ताटातला जो प्रधान पदार्थ, तो साऱ्या अन्नाचे नाव बळकावतो. फ्रेंच भाषेत हेच घडले. तेथील 'व्हियांद' हा शब्द 'जगण्यास लागणाऱ्या वस्तू' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दापासून निघाला, दीर्घकाळ सर्व अन्नास लागला आणि अखेरीस मांसापुरता उरला. आपल्याकडे ताट निराळे म्हणून निकाल निराळा. संस्कृत 'भक्त' म्हणजे वाटून दिलेला भाग, त्यावरून अन्न. त्याचाच प्राकृतातून आलेला वंशज मराठी 'भात'. तांदूळ हेच ज्यांचे मुख्य अन्न, त्यांनी अन्नाचे नाव तांदळास दिले. बंगाली मनुष्य तर सबंध जेवणासच 'भात खाणे' म्हणतो. संकोच झालेले असे शब्द थोडे नाहीत. वेदातला 'मृग' हा कोणताही वन्य पशू होता, सिंहसुद्धा. म्हणून तर सिंह 'मृगेंद्र'. पुढे तो हरणापुरता उरला. इराणी भाषांत त्याचाच भाऊ 'मुर्ग' पक्षी झाला आणि पुढे कोंबडीपुरता उरून हिंदीत उतरला. इंग्रजीतील हरणाचे 'डियर' हे नावही असेच. त्याचा जर्मन भाऊ 'टीअर' आजही कोणत्याही प्राण्यास लागतो. आता मूळ अर्थ हाच खरा अर्थ असे म्हणणाऱ्याने मुर्गा मागवून हरणाची वाट पाहावी.

आपल्या शास्त्रकारांनी या प्रश्नाचा निकाल कधीच लावून ठेवला आहे. शब्दाच्या अवयवांतून निघणारा अर्थ तो योग, लोकव्यवहाराने ठरलेला अर्थ ती रूढी. आणि दोहोंचा विरोध आला तर रूढी बलवान. चिखलात जन्मलेले सारेच काही 'पंकज' नव्हे. बेडकास पंकज म्हटलेले कोणी ऐकले नाही. इतका सरळ दंडक घरात असता आपले विद्वान इंग्रजी शब्दापुढे आले की तो विसरतात, याचे नवल वाटते. आणि रूढी म्हणजे कोणाची रूढी? बोलणाऱ्याच्या काळची व त्याच्या समाजाची, वाचणाऱ्याची नव्हे. पहिल्या वकिलास योगाचे वेड, दुसऱ्यास आपल्याच काळच्या रूढीचे. ग्रंथकर्त्याच्या रूढीची चौकशी करण्याचा त्रास दोघांपैकी कोणीच घेत नाही.

हा रोग परदेशी शब्दांपुरता असता तर एवढी शाई खर्चण्याचे कारण नव्हते. आपल्या घरचेच वाद पाहा. सुश्रुतात 'मांस' हा शब्द फळाच्या गरासही लावला आहे. एवढा आधार सापडला की प्राचीन ग्रंथांतील प्रत्येक मांस फळाचा गर होय असे ठरविणारा एक पक्ष उभा राहतो. आणि गराचा अर्थ ऐकताच कुत्सितपणे हसणारा दुसरा. बुद्धाच्या अखेरच्या भोजनातील 'सूकरमद्दव' या शब्दावर तर ग्रंथालये भरली आहेत. डुकराचे कोवळे मांस, डुकरांनी तुडविलेले वेळूचे कोंब, आळंबी, एखादे रसायन, असे नाना अर्थ जुन्या पाली टीकाकारांनीच नोंदवून ठेवले आहेत. धर्मानंद कोसंबींच्या 'भगवान बुद्ध' या १९४० सालच्या ग्रंथातील मांसाहाराच्या चर्चेने मोठे वादळ उठले. त्यांचा निर्णय कोणास रुचो वा न रुचो. तो शब्दाच्या फोडीवर उभा नव्हता. त्यांनी जुन्या टीका पाहिल्या, त्या काळच्या इतर पंथांचे ग्रंथ पाहिले, भिक्षेचे नियम पाहिले. त्यांना उत्तर द्यावयाचे तर त्याच रीतीने द्यावे लागते. 'मद्दव म्हणजे मार्दव' एवढे म्हणून भागत नाही.

तिसऱ्या वकिलाचा खटला पैशाचा आहे, म्हणून तो न्यायालयांत व विधिमंडळांत चालतो. अमेरिकेतील मिसुरी राज्याने २०१८ साली कायदा करून, कत्तलीच्या जनावरांपासून वा कोंबड्यांपासून जे निघालेले नाही ते 'मीट' म्हणून विकण्यास बंदी केली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने त्याच्या आदल्याच वर्षी केवळ वनस्पतिजन्य पदार्थांस दूध, लोणी, चीज ही नावे देता येणार नाहीत असा निकाल दिला होता. मात्र तेथील नियमांत रूढ नावांच्या अपवादांची एक यादी आहे, आणि नारळाचे दूध त्या यादीत सुखरूप आहे. कोकणी वाचकांनी निश्चिंत असावे. या बंद्या कितपत शहाणपणाच्या हा प्रश्न निराळा. आमच्या मते पुडक्याच्या दर्शनी बाजूस 'वाटाण्यापासून केलेले' असे ठळक छापले असेल तर कोणी फसत नाही, आणि न फसलेल्या गिऱ्हाइकाच्या रक्षणार्थ कायदा करण्यात गिऱ्हाइकापेक्षा खाटकाचे हित अधिक दिसते. कारखानदाराजवळ हे चांगले उत्तर असताना तो प्राचीन इंग्रजीतील 'मेटे'ला साक्षीस बोलावतो, हे आश्चर्य. त्याचे गिऱ्हाईक आजच्या बाजारात उभे आहे. 'मीट' या शब्दाने आज जी चव मनात येते तिच्यासाठीच तर त्याने हा शब्द निवडला. 'अन्न' एवढाच अर्थ त्यास हवा असता तर 'वनस्पतिजन्य अन्न' असे छापून मोकळा झाला असता. विकताना आजचा अर्थ आणि कठड्यात उभे राहिल्यावर हजार वर्षांपूर्वीचा, असा हा दुटप्पी व्यवहार आहे.

या साऱ्या खटल्यात प्रामाणिकपणे वागलेला एक मनुष्य आम्हांस ठाऊक आहे, आणि त्यास तर शब्दाच्या पळवाटेची खरी गरज होती. मोहनदास गांधी १८८८ साली विलायतेस निघाले तेव्हा मांसास स्पर्श करणार नाही अशी शपथ त्यांनी आईसमोर घेतली होती. लंडनमधील शाकाहारी मंडळींत मिसळू लागल्यावर त्यांना आढळले की, तेथे 'मीट' या शब्दाच्या एक सोडून तीन व्याख्या आहेत. पहिलीप्रमाणे पशुपक्ष्यांचे मांस तेवढे 'मीट'. मासे व अंडी चालतील. दुसरीप्रमाणे मासेही वर्ज्य; अंडी चालतील. तिसरीप्रमाणे प्राण्यापासून निघणारे सर्वच वर्ज्य, अंडी आणि दूधसुद्धा. पहिली व्याख्या धरली तर त्या थंड देशात उपाशी राहण्याचे संकट टळत होते, आणि तिच्या मागे सभ्य, विद्वान इंग्रज उभे होते. काही दिवस त्यांनी अंडी खाल्लीही. परंतु शपथ घेतली गेली ती राजकोटात, गुजराती घरात. आणि ती देणाऱ्या मातेच्या मनात मांसाबरोबर अंडेही वर्ज्य होते, हे त्यांस ठाऊक होते. शपथेचा अर्थ ती देणाऱ्याने प्रामाणिकपणे जो धरला असेल तोच, असे त्यांनी ठरविले आणि अंडी सोडली. आत्मकथेत त्यांनी हे सर्व लिहून ठेवले आहे. त्या निर्णयाचा व्यावहारिक त्रास किती, हेही त्यांनी लपविलेले नाही: लंडनच्या शाकाहारी उपाहारगृहांतसुद्धा पुष्कळ पुडिंगांत व केकांत अंडे असे, त्यामुळे समोर आलेल्या पदार्थात काय काय घातले आहे याची प्रत्येक वेळी चौकशी केल्यावाचून त्यांना घास उचलता येत नसे.